'अंतर्गत बाब' नेमकी कोणाची? संयुक्त राष्ट्रसंघ, देशाचे सार्वभौमत्व आणि जातीचा प्रश्न

जातीय अत्याचाराचा विषय जिनिव्हा किंवा न्यूयॉर्कला पोहोचला की सरकार म्हणते, ही आमची अंतर्गत बाब आहे. समाजमाध्यमांवर लगेच सूर लागतो की यांनी परदेशात जाऊन देशाची बदनामी केली. आणि आपल्याच तरुणांमध्ये तिसरे मत ऐकू येते, की युनो म्हणजे बड्या राष्ट्रांच्या हातातले बाहुले, तिथे जाऊन काय मिळणार? या तिन्ही बोलण्यांत थोडे तथ्य आहे आणि गल्लत बरीच आहे. कोणत्या आंतरराष्ट्रीय संस्थेला नेमका किती अधिकार आहे, भारताने कशावर सही केली, सार्वभौमत्वाचा मुद्दा कधी पुढे केला आणि कधी गुंडाळून ठेवला, हे कार्यकर्त्यांना माहीत असावे म्हणून हा लेख.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. ज्या आंतरराष्ट्रीय संस्थेला फक्त प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे तिच्यापुढे आपले शासन सार्वभौमत्वाची ढाल उभी करते. ज्या संस्थेच्या हातात खरोखर हात पिरगळण्याची ताकद आहे तिच्या करारांवर मात्र सह्या होतात आणि त्या सह्यांवर गावात कोणी चर्चाही करत नाही.

सनदेतील कलम २(७)

संयुक्त राष्ट्रसंघाची सनद २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे सह्यांसाठी ठेवली गेली. भारत तेव्हा पारतंत्र्यात होता, तरी मूळ ५१ सदस्यांत त्याचे नाव आहे. ब्रिटिश सरकारने पाठवलेल्या शिष्टमंडळाचे प्रमुख रामस्वामी मुदलियार होते. म्हणजे ज्या देशाला स्वतःचे सार्वभौमत्व नव्हते, तो सार्वभौम राष्ट्रांच्या संघटनेचा संस्थापक सदस्य झाला! यावरूनच कळते की या संस्थांच्या कागदावरचे सार्वभौमत्व आणि प्रत्यक्षातले सार्वभौमत्व यांत पहिल्या दिवसापासून अंतर आहे.

सनदेच्या दुसऱ्या कलमाचा सातवा खंड सांगतो की एखाद्या राष्ट्राच्या मूलतः अंतर्गत अखत्यारीतील बाबींत संयुक्त राष्ट्रसंघाने हस्तक्षेप करायचा नाही. अपवाद एकच, सुरक्षा परिषदेने सातव्या प्रकरणाखाली केलेली सक्तीची कारवाई. त्या सुरक्षा परिषदेत अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स या पाच राष्ट्रांना नकाराधिकार आहे. १९३ सदस्य राष्ट्रांपैकी बाकीच्या १८८ जणांना तो नाही. त्यामुळे युनोबद्दलचा संशय निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण सक्तीचा अधिकार सुरक्षा परिषदेपाशी आहे, मानवी हक्कांच्या समित्यांपाशी नाही. या समित्या अहवाल मागतात, प्रश्न विचारतात, शिफारशी करतात. त्या शिफारशी पाळल्या नाहीत म्हणून कोणत्याही देशावर जप्ती आलेली नाही.

'अंतर्गत बाब' हा युक्तिवाद युनोच्या आमसभेत गाजला तो भारताच्याच तक्रारीमुळे. दक्षिण आफ्रिकेने १९४६ मध्ये तेथील भारतीयांच्या जमीनहक्कांवर बंधने घालणारा कायदा केला. भारताने जून १९४६ मध्ये हा विषय युनोकडे नेला. दक्षिण आफ्रिकेच्या जनरल स्मट्स यांनी कलम २(७) काढून दाखवले : हे लोक आमच्या देशात राहतात, त्यांना कसे वागवायचे हा आमचा प्रश्न. विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखालील भारतीय शिष्टमंडळाची भूमिका उलट होती. माणसांना त्यांच्या जन्मावरून हीन वागणूक मिळत असेल तर ती एका देशाची खासगी गोष्ट राहत नाही. ८ डिसेंबर १९४६ रोजी ३२ विरुद्ध १५ मतांनी ठराव भारताच्या बाजूने मंजूर झाला. सात राष्ट्रे तटस्थ राहिली.

पुढे पंचावन्न वर्षांनी त्याच दक्षिण आफ्रिकेच्या भूमीवर, डर्बनला, भारताने जवळपास स्मट्स यांचीच भाषा वापरली. त्याकडे येऊच. त्याआधी बाबासाहेबांची भूमिका पाहणे गरजेचे आहे, कारण 'प्रश्न बाहेर नेणे म्हणजे देशद्रोह' या आरोपाचे उत्तर तिथे मिळते.

बाबासाहेबांचा न पाठवलेला अहवाल

१९४६ च्या जुलै महिन्याच्या सुमारास बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. कॅबिनेट मिशनच्या योजनेत अस्पृश्यांच्या मागण्यांना जागा मिळाली नव्हती आणि पुण्यात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा सत्याग्रह पेटला होता, तो हा काळ. अमेरिकेतील नॅशनल निग्रो काँग्रेसने युनोकडे अर्ज केल्याचे बाबासाहेबांच्या वाचनात आले होते. त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती त्यांनी मागवल्या आणि भारतातील अस्पृश्यही असेच पाऊल उचलण्याचा विचार करीत आहेत, असे कळवले. ड्यू बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी सहानुभूतीचे उत्तर पाठवले. हा पत्रव्यवहार मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील ड्यू बॉइस यांच्या कागदपत्रांत जपलेला आहे.

पुढे काय झाले ते बाबासाहेबांनी स्वतःच सांगितले आहे. १० ऑक्टोबर १९५१ रोजी मंत्रिमंडळाच्या राजीनाम्याचे जे निवेदन त्यांनी प्रसिद्ध केले, त्यात ते सांगतात की अनुसूचित जातींच्या स्थितीवर युनोला सादर करण्यासाठी त्यांनी एक अहवाल तयार केला होता, पण तो पाठवला नाही. संविधान सभेला आणि भावी संसदेला हा प्रश्न सोडवण्याची संधी आधी द्यावी, असे त्यांना वाटले. आणि त्याच निवेदनात चार वर्षांनंतरही जुनाच जुलूम चालू असल्याची खंत आहे.

हे नीट समजून घेतले पाहिजे. बाबासाहेबांना युनोकडे जाणे गैर वाटले नव्हते, आणि युनो आपला तारणहार आहे असेही त्यांना वाटत नव्हते. त्यांचा क्रम स्पष्ट होता : आधी आपली संसद, आपला कायदा, आपले न्यायालय. बाहेरचे दार उघडे ठेवायचे, पण घरातल्या दारावर थाप मारून झाल्यावर. त्यांनीच लिहिलेल्या संविधानाच्या उद्देशिकेत कर्ता लोक आहेत, शासन नव्हे. सार्वभौमत्व लोकांचे असेल, तर त्याच लोकांपैकी एका हिश्शाने आपल्या दुःखाची नोंद जगापुढे ठेवली म्हणून सार्वभौमत्वाला धक्का कसा लागतो, याचे उत्तर आम्हाला अजून कोणी दिलेले नाही.

एका शब्दाची गोष्ट

वंशभेदाच्या निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार २१ डिसेंबर १९६५ रोजी स्वीकारला गेला. त्याच्या पहिल्या कलमात वंशभेदाची व्याख्या आहे आणि त्यात वंश, रंग, 'डिसेंट', राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ असे आधार दिले आहेत. 'डिसेंट' म्हणजे जन्माने, कुळाने, पिढीजात मिळालेली ओळख. हा शब्द व्याख्येत आला तो भारताच्या दुरुस्तीमुळे. भारताने १९६८ मध्ये करार मंजूरही केला. मात्र कराराच्या अर्थावरून वाद झाल्यास तो सर्व पक्षांच्या संमतीशिवाय आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाणार नाही, अशी अट घातली. व्यक्तीला थेट समितीकडे तक्रार करण्याची मुभा देणारे चौदाव्या कलमाचे घोषणापत्रही दिले नाही. म्हणजे नागपूरच्या किंवा बीडच्या एखाद्या पीडिताने 'युनोत केस टाकतो' म्हटले तरी या करारातून तसा मार्ग नाही. हे आपल्या अनेक उत्साही कार्यकर्त्यांना माहीत नसते.

१९९६ मध्ये भारताच्या अहवालावर चर्चा झाली तेव्हा शासनाने सांगितले, जात म्हणजे वंश नव्हे, म्हणून हा करार लागू नाही. समितीने उत्तर दिले की 'डिसेंट'चा अर्थ केवळ वंश असा नाही आणि अनुसूचित जाती-जमातींची स्थिती कराराच्या कक्षेत येते. इथे एक बारकावा लक्षात ठेवावा. जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबही सांगत. अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात आहे हा सिद्धांत त्यांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात खोडून काढला होता. समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेते यांनी २००१ मध्ये जात आणि वंश एकच मानायला विरोध केला, त्यात शास्त्र म्हणून चूक नव्हती. पण वाद शास्त्राचा नव्हताच. करारात 'डिसेंट' हा वेगळा शब्द बसलेला आहे आणि तो आपणच बसवला आहे. संविधानाच्या कलम १६(२) मध्ये वंश, जात आणि कूळ हे शब्द वेगवेगळे आहेत, म्हणून कूळ म्हणजे जात नव्हे, असाही युक्तिवाद शासनाने केला. वकिलीच्या दृष्टीने तो हुशार आहे. पिढ्यान्‌पिढ्या मैला उचलणाऱ्या घरातल्या मुलाला तो समजावून सांगणे मात्र कठीण आहे.

डर्बनची परिषद ३१ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर २००१ अशी भरली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या दलित मानवाधिकार राष्ट्रीय अभियानाचे कार्यकर्ते मोठ्या संख्येने गेले होते. कृती आराखड्याच्या मसुद्यात ७३ वा परिच्छेद होता, काम आणि जन्म यांवर आधारित भेदभाव थांबवण्याचा. जातीचे नावही त्यात नव्हते. तेव्हाचे परराष्ट्र राज्यमंत्री ओमर अब्दुल्ला यांनी परिषदेत सांगितले की जात हा या व्यासपीठाचा विषय नाही आणि सदस्य राष्ट्रांच्या आत समाजरचना बदलणे हे परिषदेचे काम नाही. परिच्छेद अंतिम मसुद्यातून गेला. विशेष म्हणजे आपल्याच राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने वेगळी भूमिका घेतली होती. भेदभावाला नाव काय द्यायचे यापेक्षा तो टिकून आहे ही गोष्ट महत्त्वाची, असे आयोगाचे म्हणणे होते.

परिच्छेद गेला, पण विषय गेला नाही. २००२ मध्ये वंशभेद निर्मूलन समितीने आपली २९ वी सर्वसाधारण शिफारस काढली आणि 'डिसेंट'मध्ये जातीसारख्या व्यवस्था येतात हे लेखी नोंदवले. पुढचा प्रसंग तर बोलका आहे. सप्टेंबर २००६ मध्ये खैरलांजी घडली. २७ डिसेंबर २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी दिल्लीत दलित-अल्पसंख्याक परिषदेत अस्पृश्यतेची तुलना दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषाशी केली. आणि फेब्रुवारी २००७ मध्ये जिनिव्हात भारताचे शिष्टमंडळ त्याच समितीपुढे सांगत होते की जातीचा या कराराशी संबंध नाही. दिल्लीत एक आणि जिनिव्हात दुसरे. त्यानंतरचा अहवाल २०१० मध्ये द्यायचा होता, तो वर्षानुवर्षे रखडला. समितीच्या हाती पत्र लिहिण्यापलीकडे काही नव्हते. हीच ती आंतरराष्ट्रीय दडपशाही, जिच्यापासून देशाला वाचवायचे होते.

युनोचे दार कोणाच्या ताब्यात असते याचा आणखी एक नमुना. बिगर-सरकारी संस्थांना युनोत बोलण्याचा दर्जा द्यायचा की नाही हे १९ राष्ट्रांची एक समिती ठरवते. आंतरराष्ट्रीय दलित एकजूट जाळ्याने, म्हणजे आयडीएसएनने, २००८ मध्ये अर्ज केला. भारताच्या प्रतिनिधींनी एकामागून एक लेखी प्रश्न विचारत तो लांबवला. दर्जा मिळाला डिसेंबर २०२२ मध्ये, तोही वरच्या आर्थिक व सामाजिक परिषदेत मतदान होऊन. तेव्हा युनो राष्ट्रांवर राज्य करते हे म्हणणे फारसे खरे नाही. बहुतेक वेळा राष्ट्रेच युनो चालवतात, आणि लोकांना आत येऊ द्यायचे की नाही तेही राष्ट्रेच ठरवतात.

जिथे सार्वभौमत्व खरोखर झिजते

जागतिक नाणेनिधीत महत्त्वाच्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात. एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून अधिक मते आहेत, भारताकडे तीन टक्क्यांहूनही कमी. नकाराधिकार असा शब्द तिथे कुठे लिहिलेला नाही, पण आकडेमोड तेच सांगते. १९९१ मध्ये परकीय चलन संपत आले तेव्हा देशाचे सोने बाहेर गहाण गेले आणि कर्जाच्या अटींसोबत आर्थिक धोरणाची दिशा बदलली. सार्वजनिक उद्योगांची विक्री त्याच वाटेने आली. जिथे सरकारी कंपनी उरत नाही तिथे राखीव जागाही उरत नाही. आपल्या समाजातील किती घरे या एका नोकरीवर उभी राहिली, हे वाचकांना सांगायला नको.

जागतिक व्यापार संघटनेच्या शेती करारानुसार विकसनशील देशाने दिलेले आधारभूत साहाय्य एकूण उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांच्या आत ठेवायचे असते, आणि त्याचा हिशेब १९८६ ते १९८८ च्या जुन्या किमतींवर होतो. भारत हमीभावाने धान्य घेऊन रेशनवर देतो, ते या हिशेबात बसत नाही. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा ग्रामीण भागातील ७५ टक्क्यांपर्यंत लोकांना धान्याचा हक्क देतो. त्याच वर्षी बाली येथे भारताला 'शांतता कलम' पदरात पाडून घ्यावे लागले, म्हणजे कायमचा तोडगा निघेपर्यंत कोणी तक्रार करणार नाही असे आश्वासन. २०१८-१९ च्या तांदळासाठी भारताने ते वापरलेही. कायमचा तोडगा तेव्हापासून लोंबकळत आहे. आपल्या वस्तीतल्या रेशन दुकानाची गोणी इतक्या लांबच्या दोरीला बांधलेली आहे. दुसरीकडे अमेरिकेने नेमणुका अडवल्यामुळे याच संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद पडले. बलवान देशाला न्यायालय आवडले नाही तर तो ते बंद पाडू शकतो.

गुंतवणूक करारांचे प्रकरण तर याहून कमी लोकांना माहीत आहे. या करारांखाली परदेशी कंपनी सरकारला थेट परदेशी लवादासमोर खेचू शकते. केर्न कंपनीच्या करवादात डिसेंबर २०२० मध्ये लवादाने भारताविरुद्ध सुमारे १२० कोटी डॉलरचा निवाडा दिला. वसुलीसाठी २०२१ मध्ये पॅरिसमधील भारत सरकारच्या मालमत्ता गोठवण्याचा आदेश फ्रेंच न्यायालयाकडून निघाला. त्याच ऑगस्टमध्ये संसदेने पूर्वलक्षी कराची तरतूद मागे घेतली. कर योग्य की अयोग्य हा वाद बाजूला ठेवा. कंपनीला लवाद मिळतो आणि तिच्या निवाड्यावर मालमत्ता गोठते, तर अत्याचारपीडिताला मिळते ती शिफारस, आणि तीही 'हस्तक्षेप' म्हणून फेटाळली जाते. जगाचे नियम कोणासाठी लिहिले गेले ते यातून दिसते. २०१६ नंतर भारताने असे अनेक जुने करार रद्द केले, हे योग्यच झाले.

हे करार करतो कोण? संविधानाच्या कलम २५३ नुसार आंतरराष्ट्रीय कराराच्या अंमलबजावणीसाठी संसद कोणत्याही विषयावर कायदा करू शकते, राज्यसूचीतल्या विषयावरसुद्धा. पण करारावर सही करण्यापूर्वी संसदेची मंजुरी घेण्याचे बंधन नाही. शेती हा राज्यांचा विषय. १५ एप्रिल १९९४ रोजी माराकेश येथे व्यापार करारावर सही झाली ती केंद्र सरकारच्या अधिकारात. सार्वभौमत्वाची काळजी असणाऱ्यांनी मोर्चा काढायचा असेल तर तो या प्रश्नावर काढावा.

चित्र अगदी काळे-पांढरे आहे असेही नाही. जागतिक बँकेने सरदार सरोवराला कर्ज दिले आणि नर्मदाकाठच्या आदिवासींचा, आपल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या गावांचाही, विरोध वाढल्यावर मोर्स समिती नेमली. १९९२ च्या अहवालात समितीने पुनर्वसनातील त्रुटी स्पष्टपणे मांडल्या. मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेले कर्ज नाकारले. धरण तरी झालेच. परक्या बँकेच्या समितीने आदिवासींचे ऐकून घेतले, आणि सार्वभौमत्वाचा झेंडा त्यांना बुडवण्यासाठी वापरला गेला.

मग उपयोग कशाचा?

आंतरराष्ट्रीय करार बाहेरून लादला जातो तेव्हा फारसे काही घडत नाही. तो आपल्या न्यायालयात वापरला जातो तेव्हा घडते. राजस्थानात बालविवाह रोखू पाहणाऱ्या एका साथिनीवर सवर्णांनी सामूहिक बलात्कार केला. त्यातून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्यात १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविषयीच्या भेदभावविरोधी कराराचा आधार घेऊन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत नियम घालून दिले. भारतीय कायदा तेव्हा अस्तित्वातच नव्हता. मानवी हक्क संरक्षण कायदा, १९९३ मध्ये 'मानवी हक्क' या शब्दाच्या व्याख्येतच आंतरराष्ट्रीय करारांचा उल्लेख आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १११ क्रमांकाचा करार भारताने १९६० मध्ये मंजूर केला. त्यात 'सामाजिक मूळ' हा भेदभावाचा आधार आहे आणि त्याखाली मैला सफाईच्या प्रथेवर भारताला नियमित प्रश्न विचारले जातात. तिथे जात म्हणजे वंश की नाही हा वाद घालायची गरज पडत नाही. आपल्या चळवळीचे लक्ष जिनिव्हाच्या मोठ्या सभागृहाकडे अधिक आणि या कामगार कराराकडे कमी आहे, हे आम्हाला खटकते.

आणि महाबोधी महाविहार. बोधगया २००२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले, म्हणून युनेस्कोने व्यवस्थापन बौद्धांच्या हाती द्यायला भाग पाडावे, अशी मागणी अनेक निवेदनांत असते. १९७२ च्या वारसा करारातील सहावे कलम मात्र संबंधित राष्ट्राच्या सार्वभौमत्वाचा पूर्ण आदर ठेवते. युनेस्को वास्तूच्या जतनाविषयी विचारू शकते. समितीत कोण बसणार हे ठरवतो बिहारचा १९४९ चा बोधगया मंदिर कायदा, आणि तो बदलण्याचा अधिकार भारतातील विधिमंडळाला आहे. पॅरिसला पाठवलेल्या प्रत्येक निवेदनामागे पाटण्याला आणि दिल्लीला दहा गेली पाहिजेत.

ज्यांना प्रत्यक्ष काम करायचे आहे त्यांच्यासाठी थोडे. मानवी हक्क परिषदेत प्रत्येक देशाचा सार्वत्रिक आढावा साधारण साडेचार वर्षांनी होतो. भारताचा २००८, २०१२, २०१७ आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये झाला, त्या हिशेबाने पुढचा २०२७ च्या सुमारास येईल. संस्थांना लेखी माहिती काही महिने आधी द्यावी लागते. एका संस्थेसाठी मर्यादा २,८१५ शब्दांची, अनेक संस्थांनी मिळून दिल्यास ५,६३० ची, आणि मराठी चालत नाही. इतक्या थोड्या जागेत भाषणबाजीला वाव नाही. गुन्हा नोंदल्याची तारीख, अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे लावली की गाळली, नियम १२(४) प्रमाणे मदत किती दिवसांनी मिळाली, कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यावर कलम ४ खाली काय झाले, एवढेच लिहावे. याच कायद्याच्या नियमांनुसार मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य दक्षता समितीची बैठक वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, तर जिल्हा समितीची तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवी. आपल्या जिल्ह्यात गेल्या दोन वर्षांत किती बैठका झाल्या आणि त्यांची इतिवृत्ते कुठे आहेत, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे.